शोकाचा उपास आणि वर्ग दोनची जमीन

२०२५ च्या ३ ऑगस्टला इस्रायलचे मंत्री इतमार बेन-ग्वीर जेरुसलेममध्ये अल-अक्साच्या आवारात (ज्यूंचं प्राचीन मंदिर होतं ती टेकडी हीच) गेले आणि तिथे उघड उघड प्रार्थना केली. १९६७ पासून तिथला रिवाज असा की ज्यूंनी बघायला यावं, प्रार्थना करू नये, आणि आवाराचा कारभार मुस्लिम वक्फकडे. तो दिवस तिशा बावचा, म्हणजे ज्यूंच्या सगळ्यात मोठ्या शोकाचा. त्यावरून आपल्याकडे जी वादावादी चालते ती ऐकून डोकं उठतं. एक पार्टी म्हणते मंदिर त्यांचं होतं, दोन हजार वर्षं रडतायत बिचारे, मग वेस्ट बँकेत (१९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टिनी भागात) घरं बांधली तर कुणाच्या बापाचं काय गेलं. दुसरी पार्टी म्हणते हे रडणंबिडणं सगळं झायनिस्टांनी, म्हणजे ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र हवं म्हणणाऱ्यांनी, शंभर वर्षांत रचलेलं नाटक आहे, जमीन बळकवायची म्हणून. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी ज्यू माणूस सिनेगॉगमध्ये बसून नेमकं काय वाचतो, हे बघायची तसदी दोघंही घेत नाहीत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: तो शोक शंभर टक्के खरा आहे, त्या भूमीशी ज्यूंचं नातं खरं आहे, आणि नेमकं म्हणूनच आजच्या सेटलमेंटसाठी, म्हणजे वेस्ट बँकेतल्या ज्यू वसाहतींसाठी, तो दिवस पुरावा म्हणून वापरता येत नाही, कारण त्या दिवशी जे वाचलं जातं ते सगळं या वापराच्या विरोधात साक्ष देतं.

आधी दिवस काय आहे ते बघू. ज्यू पंचांगातल्या आव महिन्याची नववी तारीख. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत, साधारण पंचवीस तास अन्नपाणी बंद. अंघोळ नाही, चामड्याच्या चपला-बूट नाहीत, त्यामुळे एरवी सुटाबुटात येणारा माणूसही कापडी बूट नाहीतर रबरी स्लिपर घालून येतो. भेटल्यावर एकमेकांना नमस्कार-चमत्कार नाही. तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, शिकायलासुद्धा बंदी, का तर तोरा शिकताना आनंद होतो. दुःखाचे भाग तेवढे वाचायचे. उपासाच्या आधीच्या शेवटच्या जेवणात उकडलेलं अंडं राखेत बुडवून खायची पद्धत आहे. मग सिनेगॉगमध्ये दिवे मंद, लोक जमिनीवर बसलेले, आणि विलापगीत (जेरुसलेम पडल्याच्या शोकाचं बायबलमधलं पुस्तक) वाचायला सुरुवात होते, ती पडक्या सुरात. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांनी, ज्यांना रायगडात शनवार तेली म्हणायचे, ह्याच दिवसाला बिरड्याचा सण असं नाव ठेवलं होतं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक सोलायचा, त्या बिरड्याचं नाव. म्हणजे अलिबागच्या आसपास तेलाचा घाणा चालवणारी, मराठी बोलणारी माणसं, जगातल्या बाकी ज्यूंशी कैक पिढ्या संबंध तुटलेला, तरी हा दिवस त्यांच्या वर्षात होता. नाटक म्हणणाऱ्यांनी ह्याचं उत्तर द्यावं. झायनिझमचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी हे लोक वाल सोलत होते.

आणि शोक कशाचा? मिश्ना नावाच्या जुन्या ज्यू ग्रंथात यादी दिलीये: वाळवंटातल्या पिढीला कनान देशात जाता येणार नाही असा निकाल लागला तो दिवस, पहिलं मंदिर पडलं, दुसरं पडलं, बेतारचा किल्ला पडला, आणि जेरुसलेम नांगरलं गेलं. पहिलं मंदिर बाबेलच्या नबुखद्नेस्सरने इसवीसनपूर्व ५८६ मध्ये पाडलं, दुसरं रोमन सेनापती टायटसने इसवी सन ७० मध्ये. पुढे यादी वाढत गेली. इंग्लंडमधून ज्यूंना हाकलायचा राजा एडवर्डचा हुकूम १८ जुलै १२९० चा, तोही आवच्या नवव्या दिवशी. वॉर्साच्या घेटोमधून माणसं भरून ट्रेब्लिंकाला, नाझींच्या मृत्युछावणीत, पाठवायला सुरुवात झाली २२ जुलै १९४२ ला, त्या संध्याकाळी तिशा बाव लागत होता. आणि अगदी अलीकडचं म्हणाल तर १९४८ ते १९६७ जुनं जेरुसलेम जॉर्डनकडे होतं तेव्हा ज्यूंना पश्चिम भिंतीपाशी (त्या मंदिराच्या आवाराची उरलेली भिंत) जाऊ दिलं नाही, ज्यू मोहल्ल्यातली सिनेगॉग उद्ध्वस्त झाली. अशा लोकांना तुमचा इथे काय संबंध असं विचारणं हे अडाणीपणाचं तरी आहे नाहीतर दुष्टपणाचं.

इतकं कबूल केलं. आता सेटलमेंटवाल्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा घेतो, कारण आपल्याकडचे त्यांचे समर्थक तो मांडतच नाहीत, त्यांना तो बहुतेक माहीतही नसतो. तो असा: यादीतली पहिली घटना कोणती? कनान देश बघून यायला मोशेने बारा हेर पाठवले, त्यातले दहा परत येऊन म्हणाले तिथले लोक राक्षसासारखे आहेत, आपण टोळासारखे, नको तो देश. लोक रात्रभर रडले. तालमूद ह्या ज्यू धर्मग्रंथात म्हटलंय की देव म्हणाला, तुम्ही उगाच रडलात, आता ह्या रात्री तुम्हाला पिढ्यानपिढ्या रडायला कारण देतो. म्हणजे तिशा बावचं मूळ पाप म्हणजे भूमी नाकारणं, आणि मग तिथे जाऊन टेकडीवर घर बांधणं हीच त्या पापाची दुरुस्ती. ऐकायला बिनतोड वाटतं. मला स्वतःला हा युक्तिवाद आवडतोसुद्धा, त्यात धर्माची खरी तळमळ आहे. पण तेच प्रकरण, बायबलमधल्या गणना पुस्तकाचं १४ वं, पुढे वाचा ना! दुसऱ्या दिवशी सकाळी तेच लोक उठले, म्हणाले आमचं चुकलं, चला आता डोंगर चढून देश घेऊ. मोशे म्हणाला जाऊ नका, देव तुमच्याबरोबर नाहीये. ते ऐकले नाहीत, कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) छावणीतच राहिला, मोशे छावणीतच राहिला, आणि हे वर चढले आणि डोंगरावरच्या लोकांनी त्यांना हर्मापर्यंत मारत नेलं. म्हणजे एकाच प्रकरणात दोन पापं आहेत, भूमी नको म्हणण्याचं आणि परवानगी नसताना घुसून ती घेण्याचं, मधे जेमतेम एक रात्र. पहिल्याचं प्रायश्चित्त म्हणून दुसरं करणाऱ्यांचं काय झालं ते तिथेच लिहून ठेवलंय. अर्धं प्रकरण वाचून टेकडीवर चढायचं आणि उरलेलं अर्धं मिटून ठेवायचं, ह्याला वाचन म्हणतात का?

ह्याहून थेट उदाहरण हवं असेल तर शिलो घ्या. पहिलं मंदिर पडायच्या आधी यिर्मया संदेष्टा मंदिराच्या दारात उभा राहिला आणि आत जाणाऱ्यांना म्हणाला (हे यिर्मयाच्या पुस्तकाचं ७ वं प्रकरण), ‘परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर’ असं घोकत बसू नका, ते शब्द फसवे आहेत. परका, अनाथ, विधवा यांना छळलं नाहीत, निरपराध रक्त सांडलं नाहीत, तरच इथे राहाल. आणि पटत नसेल तर जा, शिलोला जाऊन बघा मी काय केलं ते. शिलो म्हणजे जेरुसलेमच्या आधीचं देवस्थान, कोश तिथे असायचा, आणि तेही उजाड झालं होतं. ह्या बोलण्याबद्दल पुरोहितांनी त्याला मारून टाकायची मागणी केली, पुढे वेढ्याच्या काळात चिखलाच्या विहिरीत टाकला, कारण तो शत्रूला शरण जा म्हणत होता. आजच्या भाषेत देशद्रोही, अर्बन नक्षल, काय म्हणायचं ते म्हणा. आता हे शिलो कुठे आहे? वेस्ट बँकेत, जेरुसलेमच्या उत्तरेला. १९७८ मध्ये उत्खननाच्या छावणीच्या नावाखाली तिथे सेटलमेंट सुरू झाली, आज तिथे प्राचीन शिलो बघायला टुरिस्ट येतात. शेजारी तुर्मुस अय्या नावाचं पॅलेस्टिनी गाव आहे. २० जून २०२३ ला जवळच्या एली सेटलमेंटपाशी हमासच्या बंदूकधाऱ्यांनी चार इस्रायलींना गोळ्या घालून मारलं, हा सरळ सरळ खून, त्यात किंतु-परंतु नाही. दुसऱ्या दिवशी सेटलर्सचा जमाव तुर्मुस अय्यात घुसला, घरं आणि गाड्या पेटवल्या. ज्यांचा त्या गोळीबाराशी काडीचा संबंध नव्हता त्यांची घरं. यिर्मया म्हणाला होता शिलोला जाऊन बघा. लोक गेले, राहिले, तिकीट लावून जागा दाखवायला लागले, पण बघायचं काय होतं ते राहूनच गेलं.

आपल्याकडे जमिनीचा वाद जन्मापासून अंगात असतो म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक असतो आणि वर्ग दोन असतो. वर्ग दोनची जमीन कसायला मिळते, पोरंबाळं तिच्यावर वाढतात, पण ती शर्तीवर दिलेली असते आणि शर्तभंग झाला की सरकारजमा. मला विचाराल तर तोरामधली भूमी ही वर्ग दोन आहे. तिच्यातल्या लेवीय पुस्तकाच्या २५ व्या प्रकरणात देव चक्क म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे आहात. तिशा बाव म्हणजे दोनदा झालेल्या शर्तभंगाची नोंद. आणि ती नोंदच कुणी मालकीचा पुरावा म्हणून तलाठ्यापुढे ठेवली तर?

यावर कुणी म्हणेल की देवाबिवाचं सोड, तू काही धार्मिक ज्यू नाहीस, तुला काय त्याचं. बरोबर. पण वेस्ट बँकेवरचा दावा जे देवाच्या नावाने करतात त्यांना उत्तर देवाच्याच कागदपत्रांतून द्यायला नको का? जे तसा दावा करत नाहीत, फक्त कायदा आणि सुरक्षा बोलतात, त्यांच्याशी वेगळं बोलू, पुढे बोलतोच.

दुसऱ्या मंदिराबद्दल तर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, जे लिहिलंय ते वाचून मी चाट पडलो होतो. इतकं मोठं साम्राज्य चालून आलं, शहर जाळलं, लाखो मेले, कुठल्याही समाजाने म्हटलं असतं की रोमन हरामखोर होते, विषय संपला. तालमूद विचारतो की दुसऱ्या मंदिराच्या काळात तर लोक तोरा शिकत होते, पुण्य करत होते, मग ते का पडलं? उत्तर: एकमेकांचा विनाकारण द्वेष. वेढा पडलेला असताना शहरातल्या कट्टरांनी स्वतःच्याच लोकांची धान्याची कोठारं जाळली, का तर उपाशी मरायची वेळ आली की लोक लढायला बाहेर पडतील. आणि ज्या रब्बी योहानन बेन झक्काईला मेल्याचं सोंग घेऊन शवपेटीतून शहराबाहेर काढावं लागलं (दारावर पहारा रोमनांचा नाही, आपल्याच कट्टरांचा होता), त्याने रोमन सेनापतीकडे मागितलं काय, तर याव्ने नावाचं गाव आणि तिथले विद्वान. त्या याव्नेमुळे ज्यू धर्म वाचला. कोठारं जाळणाऱ्यांमुळे वाचला असं परंपरा कुठेही म्हणत नाही.

बेतारचंही तेच. इसवी सन १३५ मध्ये बार कोखबाचं रोमनांविरुद्धचं बंड बेतारच्या किल्ल्यात संपलं. रब्बी अकिवासारखा मोठा माणूस बार कोखबाला मसीहा समजला होता, आणि दुसरा एक रब्बी त्याला म्हणाला, अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी मसीहा आलेला नसेल. परंपरेने त्या शूर बंडाचा उत्सव नाही केला, त्याचा शेवट उपासाच्या दिवसात घातला. आज बेतार इल्लित नावाची एक मोठी सेटलमेंट आहे, तिथले बहुतेक लोक अतिधार्मिक हरेदी, स्वस्त घरासाठी आलेले, त्यांचे रब्बी मंदिराच्या टेकडीवर पाय ठेवायला सक्त मनाई करतात, त्यामुळे त्यांना बेन-ग्वीरच्या पंगतीत बसवणं अन्यायाचं होईल. पण बेतारचे खरे अवशेष आहेत शेजारच्या बत्तीर ह्या पॅलेस्टिनी गावात, नावही तेच टिकलेलं, आणि गावातले अरब त्या अवशेषांना खिरबेत अल-यहूद म्हणतात, ज्यूंचे भग्नावशेष. बत्तीरला डोंगरउतारावर दगडी बांधांची शेती आहे, रोमन काळापासूनचे पाट, झऱ्याचं पाणी आठ घराण्यांत वाटलेलं, एकेका घराण्याला एकेक दिवस, म्हणून त्या गावचा आठवडा आठ दिवसांचा. २०१४ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतलं. इस्रायलची विभाजन भिंत त्या बांधांतून जाणार होती तेव्हा विरोध करणाऱ्यांत इस्रायलचंच निसर्ग आणि उद्यान प्राधिकरण होतं. तिशा बावला बेतारसाठी रडायचं आणि बेतारची आठवण ज्यांनी नावासकट जपली त्या शेतकऱ्यांना उपरे म्हणायचं, हे कसं जमवायचं?

आता सुरक्षेचा मुद्दा, कारण तो खरोखर जड आहे. २००५ मध्ये शेरॉन सरकारने गाझामधल्या सगळ्या २१ सेटलमेंट रिकाम्या केल्या. तारीख मुद्दाम पुढे ढकलून तिशा बाव संपल्यावर, १५ ऑगस्टला काम सुरू झालं, आणि तरीही बाहेर काढलेल्या लोकांनी गुश कतीफसाठी (गाझातल्या सेटलमेंटचा पट्टा) नवी विलापगीतं लिहिली, अजून म्हणतात. सैनिक आणि सेटलर एकमेकांच्या गळ्यात पडून रडतानाचे फोटो जगाने बघितले. दोन वर्षांत गाझा हमासच्या हातात गेला आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला काय झालं ते सांगायला नको. त्यामुळे ‘जमीन सोडली की शांतता मिळते’ असं कुणी छातीठोकपणे म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही. पण त्यावरून जे सिद्ध होतं ते एवढंच की कुणाशीही करार न करता एकतर्फी निघून जाणं हा वाईट मार्ग आहे. १९८२ मध्ये सिनाईमधलं यामित असंच रिकामं केलं होतं, रहिवासी छपरांवर चढून विरोध करत होते, बेगिनसारखा कट्टर उजवा पंतप्रधान होता, पण ते इजिप्तबरोबरच्या करारानुसार झालं आणि तो करार अजून टिकून आहे. दुसरं असं की सुरक्षेसाठी लागते ती फौज. भर वस्तीच्या टेकडीवर बायकापोरांसकट राहायला गेलं की त्यांच्या रक्षणाला आणखी फौज लागते, मग सुरक्षा कोण कुणाची करतंय? आणि कायद्याचं म्हणाल तर सप्टेंबर १९६७ मध्येच इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरोन यांनी सरकारला लिहून दिलं होतं की ताब्यातल्या प्रदेशात नागरी वस्ती बसवणं चौथ्या जिनिव्हा कराराच्या (युद्धकाळात नागरिकांच्या रक्षणाचा करार) विरोधात जातं. नाझींच्या छळछावणीतून वाचलेला ज्यू माणूस होता तो, कुणी ज्यूद्वेष्टा नव्हे. २०२४ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ह्या सेटलमेंट बेकायदा आहेत असा सल्ला दिला तेव्हा आभाळ कोसळल्यासारखा आरडाओरडा झाला, पण सेटलमेंटपुरतं बोलायचं तर हे सत्तावन्न वर्षं सरकारच्या स्वतःच्याच कपाटात पडून होतं.

मंदिराच्या टेकडीवरच्या चढाईला तर इतिहासही आहे. १५ ऑगस्ट १९२९, तिशा बावच, काही शे ज्यू तरुण झेंडा घेऊन पश्चिम भिंतीपाशी गेले, राष्ट्रगीत म्हटलं. दुसऱ्या दिवशी मुसलमानांचा उलटा मोर्चा. अफवा पेटत गेल्या आणि आठवड्याभरात दंगल उसळली, हेब्रोनमध्ये ६७ ज्यू मारले गेले, त्यातले बरेचसे जुने धार्मिक रहिवासी, ज्यांचा झेंड्याशी काही संबंध नव्हता. एकूण १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले. खुनाची जबाबदारी खुन्यांचीच, मोर्चेकऱ्यांच्या माथी ती मारणार नाही. पण जमिनीवर बसून पाळायचा दिवस एकदा मिरवणुकीचा झाला की पुढचं कुणाच्याच हातात राहत नाही, हे १९२९ मध्ये दिसलेलं आहे आणि एक मंत्री ते पोलीस संरक्षणात दर वर्षी करून बघतोय.

मग राज्य मिळालं, १९६७ मध्ये जुनं शहरही मिळालं, तर शोक संपला का? हा प्रश्न मी काढलेला नाही, रब्बींमध्येच ह्यावर जोरात भांडण झालं. तिशा बावच्या दुपारच्या प्रार्थनेत जेरुसलेम उद्ध्वस्त, ओसाड, अपमानित असल्याचं वर्णन आहे. इस्रायली लष्कराचे मुख्य रब्बी श्लोमो गोरेन यांनी ती बदलून लिहिली, म्हणाले गजबजलेल्या शहराला ओसाड म्हणणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं. ओवादिया योसेफ आणि अमेरिकेतले सोलोवेचिक यांनी बदलाला विरोध केला. आणि ह्या सगळ्याच्या कितीतरी आधी, बाबेलहून परत आलेल्या लोकांनी जखऱ्या संदेष्ट्याला हाच प्रश्न विचारला होता: आता आलो ना परत, मग पाचव्या महिन्यात, म्हणजे आवमध्ये, रडायचं की थांबवायचं? त्याने हो-नाही सांगितलंच नाही. म्हणाला, खरा न्याय करा, विधवा, अनाथ, परका, गरीब यांच्यावर जुलूम करू नका, तेव्हा हे उपास सणाचे दिवस होतील. म्हणजे शोक किती भूभाग ताब्यात आला त्यावर संपत नाही. आपल्याच बेने इस्रायलांना विचारा. हे लोक राज्य झालं म्हणून मोठ्या आनंदाने तिकडे गेले, आणि १९६० च्या दशकात मुख्य रब्बी कार्यालयाने त्यांच्याशी लग्न करण्याआधी वंशावळ तपासायचं फर्मान काढलं, तुम्ही पक्के ज्यू आहात का म्हणून. जेरुसलेममध्ये आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून जाहीरपणे मान्य केलं. देश परत मिळून सोळा वर्षं झाली होती, विनाकारण द्वेष मात्र होता तिथेच.

आणखी एक गोष्ट दोन्ही पार्ट्यांच्या नजरेतून सुटते. दोन हजार वर्षं ज्यांनी पडलेलं घर विसरायला नकार दिला, त्यांना तरी हे कळायला हवं की १९४८ मध्ये घराबाहेर पडलेले सात लाख पॅलेस्टिनी, आज त्यांची नातवंडं-पतवंडं, दोन-तीन पिढ्यांत विसरणार नाहीत. कुलुपाची किल्ली भिंतीवर टांगून ठेवणाऱ्या म्हाताऱ्याची भाषा जमिनीवर बसून विलापगीत वाचणाऱ्याइतकी जगात दुसऱ्या कुणाला समजायला हवी? इस्रायलमध्ये तसे लोक आहेतही. तग मेइर नावाची संघटना आहे, तिच्यात धार्मिक ज्यू आहेत, सेटलर्सनी जाळपोळ केली की हे त्या घरी जाऊन बसतात. २०१५ मध्ये तिशा बाव होऊन आठवडा उलटायच्या आत दुमा गावात रात्री घर पेटवून दिलं, दीड वर्षाचं बाळ जळून मेलं, नंतर आईबापही दगावले, तेव्हाही हे लोक तिथे गेले होते. आपल्याकडे इस्रायलचा जयजयकार करणाऱ्यांना हे इस्रायली दिसत नाहीत आणि शिव्या देणाऱ्यांनाही दिसत नाहीत.

तर मग वेस्ट बँकेतल्या पाच लाख सेटलर्सना उद्या उचलून बाहेर काढायचं का? मी असं म्हणत नाहीये. कुठली सेटलमेंट राहील, कुठली जाईल, जमिनीची अदलाबदल किती, जेरुसलेमचं काय, फौज कुठपर्यंत, हा वाटाघाटीचा मामला आहे आणि त्यात इस्रायलच्या भीतीलाही वजन असलंच पाहिजे. माझा मुद्दा फार छोटा आहे. त्या टेबलावर कुणी तिशा बावचा कागद काढला, तर समोरच्याने यिर्मयाचं ७ वं प्रकरणही सोबत जोडायला सांगावं, आणि आपल्याकडच्या समर्थकांनी बाजू घ्यायची तर जरूर घ्यावी, पण आधी ते निदान एकदा वाचावं. मराठी बायबलमध्ये आहे, दहा मिनिटं पुष्कळ झाली.